रविवारी चार वाजता तायडेंकडे

तायडेकाकांच्या घरी पिक्चर पाहायला जायचं तर आधी हात धुवावे लागत. जेवायला नव्हे, पिक्चर पाहायला. दारात चपला काढल्या की ते मोरीकडे बोट दाखवत आणि म्हणत, "हात धुवा, पुसा, मंग या. डिस्कले तेल चालत नाई." आलेल्यांचा डिस्कशी काडीचा संबंध येत नसे. ती काका स्वतःच कडेला दोन बोटं लावून डबीतून काढत, उजेडाकडे धरून बघत, मऊ फडक्याने आतून बाहेर पुसत आणि मग प्लेअरमध्ये ठेवत. तरी सगळे निमूट हात धुवायचे. माझे बाबाही धुवायचे. घरी ताटावर बसण्याआधी माझ्या बायकोला, सुनीताला, त्यांना तीनदा सांगावं लागे. तिकडे मात्र सांगायच्या आत बाह्या वर.

हे मला कसं माहीत? मी समोरच राहतो. आमच्या गॅलरीतून काकांची मोरी दिसते, आणि दर रविवारी चार वाजता मी गॅलरीत काहीतरी काम काढून उभा असे. सरळच सांगतो, मला हा माणूस आवडत नव्हता. त्यांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. फक्त माझ्या बापाचे रविवार घेतले होते.

प्रभाकर तायडे मूळचे मूर्तिजापूरकडचे. विजेच्या खात्यात लाइनमन म्हणून लागले, खांबावर चढण्या-उतरण्यात उमर गेली आणि निवृत्त झाल्यावर अकोल्यात जठारपेठेत आमच्या गल्लीत घर बांधलं. बायको आधीच वारलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन अमरावतीला. एकटा माणूस, खाण्यापिण्याचे चोचले नाहीत. चैन एकच, ब्लू-रे डिस्का विकत घेणे. नागपुरातलं एक दुकान बंद होत होतं तेव्हा उरलासुरला सगळा माल यांनी उचलला आणि दोन खोक्यांत भरून रेल्वेने आणला. चारचौघांच्या घरी ज्या लोखंडी कपाटात साड्या आणि घराचे कागद असतात, त्यात यांच्या निळ्या डब्या. कपाटाला कुलूप आणि किल्ली करगोट्याला.

आणि माझा धंदा इंटरनेटच्या जोडण्यांचा. गल्लोगल्ली वायर ओढतो, घरोघरी टीव्ही लावून देतो आणि दिवसभर लोकांना पटवतो की आता डिस्क संपली, पिक्चर तारेतून येतो. लोकांना पटतंही. पण माझाच बाप, माझ्याच घरासमोर, डिस्कवर पिक्चर पाहायला जात होता. एका गिऱ्हाइकाने तोंडावर विचारलं, "मास्तर तं तायडेकडे जाते ना पाहाले?" हलवायाचा बाप शेजारच्या दुकानात जिलबी खाताना दिसला तर हलवायाने काय बोलावं? मी म्हटलं, "टाइमपास आहे त्यांचा."

बाबा अंजनगाव सुर्जीला इंग्रजीचे मास्तर होते. आई गेल्यावर माझ्याकडे आले. मुळातच कमी बोलणारे, अलीकडे तर "हो", "बरं" आणि "ठेव तिथे" यांच्यापुढे गाडी जात नसे. मी दुकानातल्या गमती सांगायचो, ते मान हलवायचे आणि पेपर उचलायचे. मला वाटायचं, माझ्या धंद्यात त्यांना रस नाही. पोराने मास्तर व्हावं अशी त्यांची इच्छा होती, ती सल असेल. पण रविवारी साडेपाचच्या सुमारास समोरून हसण्याचा आवाज यायचा, मोकळा, घसा भरून, आणि तो बाबांचा असायचा. चाळीस वर्षांत मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कोणी पाहुणा आला असेल.

काकांशी माझा वाद ठरलेला. ते ओट्यावर बसलेले असत, मी दुकानात निघालेला.

"काका, काढा ती कपाटं आता. एका बटणावर हजार पिक्चर येतात."

"हजार कोन पाहते बावा? मले एकच पाहाचा असते."

"पण जागा किती अडते!"

"जागा तं माणसानंबी अडते. काढून टाकता काय त्याले?"

त्यांचं आणखी एक वाक्य होतं, ते गल्लीत सगळ्यांना पाठ झालं होतं. "इकत घेतलेली चीज घरात दिसली पाह्यजे. तुमचं कसं हाये, पैसे पुरे द्याचे अन् वरचेवर वास घ्याचा." लोक यावर हसायचे. माझ्याकडून जोडणी घेतलेले लोकही हसायचे, म्हणून मला जास्त लागायचं.

मला सगळ्यात जास्त राग यायचा तो त्या अक्षरांचा. काका हिंदी पिक्चर लावत आणि खाली इंग्रजी अक्षरं चालू ठेवत. हिंदी पिक्चरला इंग्रजी अक्षरं! मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "मास्तर आमाले इंग्रजी शिकवून राहिले." आणि खरंच, मध्येच पिक्चर थांबायचा. बाबा म्हणायचे, "हे भाषांतर चूक आहे." काका विचारायचे, "काहून चूक मास्तर?" मग बाबा समजावून सांगत आणि एक निवृत्त लाइनमन, एक निवृत्त कंडक्टर आणि एक किराणावाला माना डोलवत ऐकत. मला इंग्रजी शिकवताना बाबांनी फूटपट्टीखेरीज दुसरं साहित्य वापरलं नव्हतं. माझी एक चूक झाली की पट्टी, आणि इथे परक्यांना हसतखेळत. बरोबर अर्ध्यावर काका मध्यंतर करत आणि पेपरवर कच्चा चिवडा ओतत, भरपूर कांदा आणि तेल घालून. घरी कांदा सोसत नाही म्हणणारा माझा बाप तिथे दोनदा मागून खायचा.

मग मी भिंतभर टीव्ही घेतला. खाली आवाजाची लांबट पेटी, समोर बाबांसाठी मागे रेलणारी खुर्ची. बाबांच्या तरुणपणातला त्यांचा आवडता पिक्चर शोधून लावला, तोही रविवारी तीनलाच, म्हणजे चार वाजता ते उठू नयेत. "आवाज बरोबर आहे ना बाबा?" "हो." "वाढवू?" "नको, नको. छान आहे." वीस मिनिटांत त्यांची मान खाली गेली. चारला पाच कमी असताना मात्र आपोआप जाग आली. "प्रभाकर वाट पाहत असेल," म्हणाले आणि चपला घालून निघाले. पडद्यावर पिक्चर चालूच होता. मी रिमोट सोफ्यावर आपटला.

तरीही मी हार मानली नाही. बाबांच्या वाढदिवसाला मुद्दाम काकांना आणि त्यांच्या मंडळींना घरी बोलावलं. म्हटलं, एकदा माझ्या घरी, माझ्या पडद्यावर, सगळ्यांनी पाहावं. जो पिक्चर लावायचा होता तो मी तीन वर्षांपूर्वी विकत घेतलेला होता. भाड्याने नव्हे, विकत, तसं बटणावरच लिहिलेलं होतं. सगळे बसले, सुनीताने आलुबोंडे आणले, मी बटण दाबलं आणि पडद्यावर दोन ओळी आल्या, हा चित्रपट आता आपल्यासाठी उपलब्ध नाही. मी टीव्ही बंद करून चालू केला. वायर काढून घातली. शेवटी माझ्याच दुकानातल्या माणसाला फोन करून लाइन तपासायला सांगितली. लाइन उत्तम होती. पिक्चरच ज्याचा होता त्याने काढून घेतला होता.

काका हसले असते तर बरं झालं असतं. ते उठले, घरी गेले आणि प्लेअर काखेत मारून, डबी हातात धरून परत आले. "मोरी कुठी हाये बावा?" हात धुतले, प्लेअर माझ्या टीव्हीखाली लावला आणि तोच पिक्चर सुरू केला. अक्षरांसकट. त्या दिवशी बाबा माझ्या घरात पहिल्यांदा पोट धरून हसले. जाताना मंडळी म्हणाली, "तायडेसाहेब, मजा आणली." जिन्यात काका मागे थांबले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वाईट नोको वाटून घेऊ विजू. टीव्ही तुहा भारी हाये." मला जे वाईट वाटलं ते त्या वाक्याचंच.

पुढे जे केलं ते सांगायला आजही जीभ अडखळते. दोनेक महिन्यांनी काकांचा प्लेअर डिस्क घेईना. त्यांनी तो टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या दुकानात आणला. "पाह्य बावा, तू जानकार हायेस." मी उघडला. आतल्या भिंगावर धूळ बसली होती, एवढंच. स्पिरिट लावलेला कापूस फिरवला असता तर दहा मिनिटांचं काम. माझ्या तोंडून निघालं, "काका, याचं लेझर गेलं. पार्ट येत नाही आता. कंपन्यांनी बनवणंच सोडलं." शेवटचं वाक्य अर्धंमुर्धं खरं होतं, त्यामुळे बाकीचं सफाईने बोलता आलं.

"गेला?" त्यांनी विचारलं, घरातल्या कोणाबद्दल विचारावं तसं. मग ते प्लेअर परत टॉवेलात गुंडाळायला लागले. त्यांना गाठ बसेना, तेव्हा ती मीच बांधून दिली.

समोरचे रविवार बंद झाले. मी चार वाजता टीव्ही लावायला लागलो. सुनीताने कच्चा चिवडाही केला. बाबा पहिल्या रविवारी खुर्चीत बसले, "छान आहे" म्हणाले. दुसऱ्या रविवारी झोपले. तिसऱ्या रविवारी ते टीव्हीसमोर आलेच नाहीत. गॅलरीत, मी जिथे उभा राहायचो तिथेच, स्टूल टाकून काकांच्या बंद दाराकडे बघत बसले. मी आतून हाका मारत होतो, ते वळूनही बघेनात. मला वाटलं, रुसले आहेत.

चौथ्या रविवारी दुपारी बाबा झोपलेले असताना काका आले. आत येईनात. जिन्यातच उभे राहिले.

"विजू, एक इचारतो, राग नोको मानू. तुह्या टीव्हीवर खाली अक्षरं येतात का?"

"कशाला?"

त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि आवाज उतरवला. "मास्तरले ऐकू येत नाई. डावा कान पुरा गेला. उजव्यानं थोडं थोडं येते. दीड साल झालं."

मी म्हटलं, "काहीतरीच काय! मी घरात असतो ना."

"तुले सांगू नोको म्हणले ते. पोट्टा म्हणन चला दवाखान्यात, मशीन लावा, अन् मंग म्हाताऱ्यावानी वागवन. मलेबी त्याईनं नाई सांगतलं, मीच वळखलं. खांबावरून खालच्याले हाक मारली अन् त्यानं नुसती मान हालवली, तं समजाव का त्याले ऐकू गेलं नाई. तीस साल तेच पाह्यलं म्या."

मला बाबांचं "हो", "बरं" आणि ती मान आठवली. दुकानातल्या गमती आठवल्या.

"म्हणून अक्षरं लावत होतो," काका म्हणाले. "मास्तर वाचत होते. इंग्रजी शिकाचं तं बहाना होता, आमाले काय कराचं हाये इंग्रजी या वयात! आता माह्यी मशीन तं मेली. अमरावतीले जाऊन आलो, दुकानं पालथी घातली, कोनी ठेवतच नाई म्हंते. तं तू लावून दे अक्षरं. मास्तर तुह्याकडे बसन." मग म्हणाले, "मी नाई येणार, पाह्यजे तं. मास्तर माह्याकडे येते ते तुले बरं वाटत नाई. मले दिसते ना, गॅलरीत उभा राह्यतो तू."

खरं तर मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण लाजेच्या आधी हेवाच वाटला. माझ्या बापाचा कान गेला हे गल्लीतल्या माणसाला कळलं, आणि एका छताखाली राहून मला कळलं नाही. ते कळण्याचं सुखदेखील यानेच घेतलं, असं काहीतरी विचित्र माझ्या मनात आलं.

मी म्हटलं, "काका, प्लेअर देऊन ठेवा. परत एकदा पाहतो."

सोमवारी दुकान उघडल्याबरोबर कापूस घेतला आणि दहा मिनिटांत भिंग साफ केलं. संध्याकाळी प्लेअर घेऊन गेलो आणि म्हणालो, "एक पार्ट मिळाला जुन्या मशीनचा. टाकला." काकांनी डिस्क लावली, ती चालली. त्यांनी प्लेअर उचलून वरून, खालून पाहिला.

"जुना पार्ट कुठी हाये?" त्यांनी विचारलं. लाइनमन माणूस, बदललेली वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची ही त्यांची रीत.

"फेकला."

"बरं," काका म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

आमच्या टीव्हीवर अक्षरं आणायला काय लागलं ते सांगायलाच नको. रिमोटवर एक बटण होतं. अर्ध्या गावाचे टीव्ही लावून देणाऱ्या माझ्या अंगठ्याखालीच ते इतके दिवस होतं. गरज कधी पडली नव्हती, म्हणून दाबलं नव्हतं. बाबांनी अक्षरं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "प्रभाकर बोलला?" मी मान हलवली. "बडबड्या आहे," असं म्हणून ते हसले आणि आम्ही पूर्ण पिक्चर पाहिला.

तेव्हापासून बुध-गुरुवार माझे आणि रविवार काकांचा, अशी वाटणी झाली. रविवारी मीही जायला लागलो, हात धुऊन मागच्या रांगेत बसायचो. एखादी हसण्याची जागा जवळ आली की काका हळूच बाबांच्या कोपराला कोपर लावायचे, म्हणजे त्यांची नजर अक्षरांवर राहावी. बाबा आणि ते एकाच क्षणी हसायचे. मी अक्षरं वाचायचो, आवाज ऐकायचो, तरी माझं हसू अर्धा क्षण मागेच पडायचं.

दीड वर्षापूर्वी काकांच्या छातीत दुखलं आणि मुलीने त्यांना अमरावतीला नेलं. कपाट मी स्वतः टेम्पोत चढवलं. तोंड पाडलेलं होतं, पण आतून मी सुटलो होतो, खोटं कशाला बोलू? ते सुख दोन आठवडे टिकलं. मग बाबा रविवारी सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसायला लागले आणि मी महिन्यातून एकदा त्यांना गाडीने अमरावतीला न्यायला लागलो. उरलेल्या रविवारी आमच्या घरी पिक्चर चाले, अक्षरं चालत, आणि बाबा म्हणत, "छान आहे."

गेल्या हिवाळ्यात सकाळी काकांच्या मुलीचा फोन आला. पहाटे झोपेतच गेले होते. मी बाबांच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो आणि त्यांच्या कानाशी सांगितलं. ते म्हणाले, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. ते उठून शर्ट शोधायला लागले.

अमरावतीला सगळं आटोपलं. मुलगी माझ्या बाबांना म्हणाली, "काका, बाबांच्या डिस्का तुमीच घेऊन जा." बाबा म्हणाले, "ठेव बेटा तुझ्याकडेच. मला आता त्या कशाला?" परतताना मूर्तिजापूर आलं. गाडीत बाबा डावीकडे बसतात, म्हणजे त्यांचा बरा कान माझ्याकडे. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच नाही.

"बाबा, काकांचा तो प्लेअर बिघडला नव्हता. नुसती धूळ होती. मी खोटं बोललो होतो."

बाबांची नजर रस्त्यावरच होती. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "माहीत आहे."

"तुम्हाला?"

"तू तो दुरुस्त म्हणून परत दिलास, त्याच दिवशी प्रभाकरने सांगितलं. तू गेल्यावर त्याने तो उघडून पाहिला. लेझर जुनंच, त्याच्या पेचांना कोणी हातही लावलेला नाही. मला म्हणाला, 'मास्तर, पोट्टं खोटं बोललं. पण तुमच्यापाई बोललं. माह्या पोरीनं माह्यासाठी असं खोटं केलं असतं तं म्या गावात पेढे वाटले असते.' तुला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली मला." बाबांच्या ओठांवर हसू आलं. "किती रविवार हसलो आम्ही त्यावर. तू मागे बसलेला असायचास आणि प्रभाकर माझ्या उजव्या कानाशी येऊन विचारायचा, 'मास्तर, पार्ट कुठी हाये?'"

ते हसू तसंच राहिलं आणि त्याच हसऱ्या तोंडाने बाबा रडायला लागले. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मी केलेल्या लबाडीचं गुपितसुद्धा त्या दोघांनी आपसात वाटून घेतलं होतं, माझ्या डोळ्यांसमोर, मला वगळून. इतक्या वर्षांत मी काकांवर इतका जळलो नव्हतो. मी बाबांना म्हटलं, "बाबा, मी आहे ना." त्यांनी मान हलवली, नुसतीच. त्यांना काय हवं होतं ते न सांगता ओळखणारा एकच माणूस होता, आणि त्यालाच पोचवून आम्ही परत चाललो होतो.